गाव की उपनगर : गोव्यातील एका कौटुंबिक निर्णयाची पार्श्वभूमी

मुले गावच्या घरात वाढवायची की पर्वरी, ताळगाव, फातोर्डा किंवा कुर्टीसारख्या शहरालगतच्या उपनगराकडे फ्लॅट घेऊन बिऱ्हाड हलवायचे, हा प्रश्न आज गोव्यातील बहुतेक तरुण जोडप्यांपुढे उभा राहतो. त्याची चर्चा सहसा शाळा, नोकरी आणि मोकळी हवा यांच्याभोवती फिरते. मात्र या निवडीचे स्वरूप आवडीनिवडीपेक्षा जमिनीच्या हक्कांनी, वारसा कायद्याने आणि पुलांनी अधिक ठरवले आहे.

गोव्यातील गाव मुळात गावकरीच्या, म्हणजे सामाईक जमिनीच्या गावसंस्थेच्या, पायावर उभे राहिले. गावची जमीन गावकारांच्या (गाव वसवणाऱ्या मूळ कुळांच्या) संस्थेची, म्हणजे पुढे जिला कोमुनिदाद म्हटले गेले तिची. खाजन (खाडीकाठच्या सखल) शेतीचे बांध आणि मानशी (पाण्याची दारे) सांभाळणे हीही तिचीच जबाबदारी असे. या रूढींची नोंद पोर्तुगीज राजवटीने 1526 च्या सनदेत केली. या व्यवस्थेत गावकाराच्या मुलाला गावात स्थान होते, पण भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जमिनीवर घर बांधून राहणाऱ्या मुंडकाराला ते नव्हते. भाटकाराची मर्जी फिरली की चंबूगबाळे आवरावे लागे. म्हणून जुन्या गोमंतकीय गावाचे गोडवे गाताना ते नेमके कोणाचे गाव होते, हे विचारलेच पाहिजे. ज्यांचे गावात भागत नव्हते त्यांच्यापुढे तेव्हा उपनगराचा पर्याय नव्हताच. बार्देश आणि सासष्टी तालुक्यांतील माणसे मुंबईला, आफ्रिकेला आणि नंतर आखाती देशांत गेली, नव्या काबिजादीतील, म्हणजे पोर्तुगिजांनी उशिरा जिंकलेल्या तालुक्यांतील, अनेकांनी मुंबईचीच वाट धरली, आणि मुले मात्र आजी-आजोबांकडे गावात वाढली.

1961 च्या मुक्तीनंतर चित्र पालटले. पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांच्या सरकारने गावोगावी प्राथमिक शाळा उघडल्या. त्याआधी मराठी शाळा बहुधा देवळांच्या आणि घरांच्या आसऱ्याने, गावकऱ्यांच्या पदरमोडीवर चालत असत. 1964 च्या कूळ कायद्याने कुळांना संरक्षण दिले, 1976 च्या पाचव्या दुरुस्तीने त्यांच्या मालकीचा मार्ग खुला केला आणि 1975 च्या मुंडकार कायद्याने राहत्या घरातून हाकलले जाण्याची भीती दूर केली. हजारो कुटुंबांना आपल्या घरात मुले निर्धास्तपणे वाढवण्याची संधी या कायद्यांमुळे पहिल्यांदा मिळाली, असे माझे ठाम मत आहे. मुंडकारांच्या हक्कांची प्रकरणे मामलेदार कार्यालयांत वर्षानुवर्षे पडून राहिली, आणि ज्या घराचा कागद हाती नाही त्याच्या दुरुस्तीसाठी कर्जही सहजी मिळत नाही, ही त्याच गोष्टीची दुसरी बाजू आहे.

याच काळात उपनगरही आकाराला आले. राजधानी जुन्या गोव्यातून पणजीला आली त्याला साथीचे रोग कारणीभूत झाले, आणि 1843 मध्ये पणजीला राजधानीचा अधिकृत दर्जा मिळाला. पण मांडवी आणि जुवारी या नद्यांच्या मधल्या तिसवाडीत, म्हणजे पणजीच्या तालुक्यात, वाढायला जागा मर्यादित होती. 1970 मध्ये मांडवीवर पूल झाला आणि पलीकडचे पर्वरीचे पठार राहण्याजोगे ठरले. तो पूल जुलै 1986 मध्ये कोसळला, तेव्हा बेतीच्या फेरीबोटीपुढे लागलेल्या रांगांनी त्या पठारावरच्या कुटुंबांना आपले दैनंदिन जीवन कशावर टांगलेले आहे हे दाखवून दिले. नवा पूल आल्यावर वस्ती पुन्हा वाढू लागली, आणि 2000 मध्ये विधानसभाही पर्वरीत आली. तरीही पर्वरीचा कारभार आजही सुकूर आणि पेन्ह-द-फ्रान्ससारख्या पंचायतींकडे आहे, म्हणजे राज्याची विधानसभाच पंचायत क्षेत्रात भरते.

हे केवळ पर्वरीचे वैशिष्ट्य नाही. 2001 च्या जनगणनेत गोव्यात 30 जनगणना शहरे होती, 2011 मध्ये ती 56 झाली. ज्या वस्तीची लोकसंख्या किमान 5,000 आहे, घनता दर चौरस किलोमीटरला किमान 400 आहे आणि जिथले किमान तीन चतुर्थांश कामकरी पुरुष शेतीबाहेर कमावतात, तिला जनगणना शहर मानते, मग तिथे नगरपालिका असो वा नसो. त्यामुळे 2011 मध्ये राज्याची 62 टक्क्यांहून अधिक लोकसंख्या शहरी ठरली. अनेक कुटुंबे गावातून हललीच नाहीत. गावच त्यांच्याभोवती उपनगर झाले.

वारसा कायद्याचा परिणाम याहून खोलवर गेलेला आहे, आणि त्याची चर्चा मात्र फार थोडी होते. 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेने मुलगे आणि मुली यांना समान वारस मानले आणि पुढच्या दुरुस्तीनंतर आईवडिलांना मृत्युपत्राने केवळ निम्म्याच मालमत्तेची मर्जीप्रमाणे विल्हेवाट लावण्याची मुभा दिली. न्यायाच्या दृष्टीने हा कायदा आपल्या भूषणाचा आहे. पण तीन पिढ्या वाटणी न झाल्यास मधल्या राजांगणाभोवतीच्या जुन्या घराला वीस-पंचवीस वाटेकरी होतात, त्यांतले काही परदेशी असतात, आणि एका खोलीची कौले बदलायची म्हटली तरी खर्च कोणी करायचा यावर घोडे अडते. अशा घरातील धाकटे जोडपे फ्लॅट घेते तेव्हा ते गावाला कंटाळलेले असतेच असे नाही. स्वतःच्या नावावर चार भिंती असाव्यात, एवढीच त्याची मागणी असते.

गणपती मात्र मूळ घरीच राहतो. चवथीला फ्लॅटमधली कुटुंबे गावी परततात, आणि देवाच्या डोक्यावर टांगायची माटोळी सजते ती तिथेच. नारळ, सुपारीचे घोस, तोरिंगे, कांगणे आणि रानातून आणलेली फळे-फुले लाकडी चौकटीला कोणत्या क्रमाने बांधायची हे मुले काका-आजोबांच्या हाताखाली शिकतात. अंतरे लहान असल्याने दोन्ही घरे राखणे गोव्यात शक्य होते.

शाळेच्या प्रश्नाने पारडे उपनगराकडे झुकवले. 1990 मध्ये सरकारने प्राथमिक शाळांचे अनुदान कोकणी आणि मराठी माध्यमापुरते ठेवले. 2011 मध्ये इंग्रजी माध्यमालाही ते देण्याचा निर्णय झाला आणि त्याविरुद्ध मोठे आंदोलन उभे राहिले. गावच्या सरकारी शाळांचा पट घटत गेला, काही बंद झाल्या, आणि सत्तरी-सांग्याकडच्या मुलांचा दिवस बसच्या वेळेने सुरू होऊ लागला. गावातील शाळा टिकवणे हा भाषेइतकाच कुटुंबे गावात राहण्याचाही प्रश्न आहे, हे त्या वादात पुरेसे बोलले गेले नाही.

गेल्या वीस वर्षांत माणसांच्या ओघाची दिशा उलटलीही आहे: बाहेरचे खरेदीदार गावांकडे वळले. कोणती जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणारा 2011 पर्यंतचा प्रादेशिक आराखडा लोकांच्या विरोधामुळे 2007 मध्ये मागे घ्यावा लागला, त्यानंतर 2021 पर्यंतचा आराखडा आला, आणि नगरनियोजन कायद्यातील 17(2) व 39अ या अलीकडच्या कलमांनी एकेका भूखंडाचा वापर बदलण्याची वाट मोकळी केली, ज्यावरून ग्रामसभा तापल्या आणि प्रकरणे न्यायालयातही गेली. पेडणे तालुक्यातील मोपा विमानतळ 2023 मध्ये सुरू झाल्यापासून तिथल्या जमिनीचे भाव स्थानिक पगारदाराच्या आवाक्याबाहेर चालले आहेत. मुलांसाठी गाव निवडणाऱ्या कुटुंबाने आता स्वतःच्या जागेचा एक-चौदाचा (जमिनीच्या हक्कनोंदीचा) उतारा आणि सनद (बिगरशेती वापराची परवानगी) पाहून थांबू नये; शेजारच्या शेताचा आणि डोंगराचा आराखड्यातील विभागही तपासावा आणि तो बदलण्याचा प्रस्ताव आल्यास ग्रामसभेत उभे राहून हरकत नोंदवावी.