म्हादईचं पाणी ‘वाया’ जात नाही

‘म्हादईचं पाणी नाहीतरी समुद्रालाच मिळतं, मग ते कर्नाटकाने वळवलं तर गोव्याचं काय बिघडतं?’ हा प्रश्न वर्षानुवर्षं विचारला जातो. त्यातलं गृहीतकच चुकीचं आहे.

म्हादईच गोव्यात पुढे मांडवी होते. मांडवीत भरतीचा जोर मुखापासून सुमारे ५० किमी आत, गांज्यापर्यंत जाणवतो. भरतीच्या खाऱ्या पाण्याला मागे रेटतं ते वरून येणारं गोडं पाणी. दिवाडी-चोडणकडच्या खाजन शेतांच्या, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या सखल शेतांच्या, बांधावर जाऊन मानस, म्हणजे पाणी सोडणारी-अडवणारी झडप, बघा. भरती चढली की पाण्याच्याच दाबाने त्याची लाकडी दारं मिटतात, ओहोटी लागली की उघडतात आणि शेतातलं पाणी निघून जातं. ना मोटर, ना पंप! खारटपणा सोसणारं कोरगुट भात याच हिशेबावर पिकतं. नदीतलं गोडं पाणी घटलं, की हा हिशेब बिघडतो.

हे बांध राखण्याचं काम पूर्वी गावकरीकडे, म्हणजे गावाची जमीन सामायिकपणे सांभाळणाऱ्या संस्थेकडे होतं, कूळ कायद्यानंतर ते कूळ संघांकडे आलं. निर्णय बांधावरच व्हायचा. १९५६च्या आंतरराज्य जलविवाद कायद्यात मात्र पक्षकार फक्त राज्यं. याच कायद्याखालच्या म्हादई जल लवादाने २०१८च्या निवाड्यात कर्नाटकाला १३.४२, गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं. कर्नाटकाच्या वाट्यातलं ३.९ टीएमसी कळसा-भांडुरा या म्हादईला मिळणाऱ्या नाल्यांतून कर्नाटकातल्या मलप्रभा नदीत, म्हणजे खोऱ्याबाहेर जायचं आहे. तिन्ही राज्यं सर्वोच्च न्यायालयात गेली. मलप्रभेकाठची तहान खोटी नाही, पण खाजनात राबणाऱ्याला या वादात स्वतःचा आवाज नाही, ही मला यातली सगळ्यात मोठी उणीव वाटते.