आराखडा पूर्ण झाला, तरी संस्था का हरते?

कंपनीचा असो वा सेवाभावी संस्थेचा, ‘तीन वर्षांचा स्ट्रॅटेजिक प्लॅन’ उघडला की आतली पानं बहुधा सारखीच निघतात. सुरुवातीला ध्येयवाक्य, मग पाच-सहा उद्दिष्टं, प्रत्येक उद्दिष्टाखाली कामांची यादी, जबाबदार व्यक्ती, तारीख आणि बजेट. नवी शाखा उघडायची, माहिती-प्रणाली बदलायची, कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यायचं, निधीचे नवे स्रोत शोधायचे. यातलं एकही काम वाईट नसतं. पण शेवटचं पान उलटल्यावरही एक प्रश्न तसाच उरतो: हे सगळं ठरल्याप्रमाणे झालं, तर आपल्याला हवा तो परिणाम नेमका कशामुळे घडेल?

त्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे स्ट्रॅटेजी. आधीची सगळी पानं म्हणजे प्लॅन. दोन्ही शब्द एकाच शीर्षकात जोडून वापरायची सवय इतकी जुनी झाली आहे की एक असलं म्हणजे दुसरं आलंच, असं आपण धरून चालतो. माझ्या मते, संस्थांच्या नेतृत्वाला सर्वांत महागात पडणारा गैरसमज हाच आहे.

मराठीत गोंधळ आणखी वाढतो, कारण ‘धोरण’ हा शब्द आपण रजेच्या नियमांपासून स्ट्रॅटेजीपर्यंत सगळीकडे वापरतो. तरी ‘धोरणी माणूस’ म्हणताना आपल्याला बरोबर कळतं की हा यादी करणारा माणूस नव्हे, पुढचं ओळखून पाऊल टाकणारा आहे. ‘व्यूहरचना’ तर त्याहून नेमका शब्द. व्यूह हवेत रचत नाहीत. समोर कोण उभं आहे, जमीन कशी आहे, आपलं बळ कुठे आहे, हे पाहून रचतात. ग्रीक भाषेत ‘स्ट्रॅटेगॉस’ म्हणजे सेनापती. म्हणजे दोन्ही भाषांतले शब्द रणांगणावरूनच आले आहेत.

हा फरक असा मांडता येईल. नियोजन आपल्या हातातल्या गोष्टींचं असतं: माणसं, पैसा, वेळ, जागा. व्यूहरचना हातात नसलेल्या गोष्टींबद्दल असते: ग्राहक काय निवडेल, स्पर्धक काय करेल, ज्याच्यासाठी काम करतो तो माणूस आपली सवय बदलेल का, देणगीदार पाच वर्षांनी सोबत असेल का. म्हणून प्लॅन बरोबर ठरला की नाही हे कॅलेंडर आणि हिशेबाच्या वहीवरून कळतं, तर व्यूहरचना बरोबर होती की नाही हे फक्त बाहेरचं जग सांगतं. तिच्या मुळाशी एक अंदाज असतो आणि तो चुकू शकतो. ज्या स्ट्रॅटेजीत चुकण्यासारखं काहीच नाही, ती स्ट्रॅटेजी नसून इच्छांची यादी असते.

फोटोफिल्मच्या धंद्यात हे फार ठळकपणे दिसलं. जगभरातली फिल्मची मागणी 2000च्या सुमारास शिखरावर पोहोचली आणि मग कोसळली. कोडॅकच्या स्टीव्ह सॅसन या अभियंत्याने 1975 मध्येच डिजिटल कॅमेरा बनवला होता, कंपनीने पुढे त्या तंत्रज्ञानावर खर्चही केला, तरी जानेवारी 2012 मध्ये तिला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. तेच वादळ फुजीफिल्म या जपानी कंपनीवरही आलं होतं. शिगेताका कोमोरी यांच्या नेतृत्वाखाली कंपनीने प्रश्नच वेगळा विचारला. ‘फिल्मच्या जागी काय विकायचं’ हे बाजूला ठेवून, फिल्म बनवताना आपल्याला नक्की काय येऊ लागलं, याचा हिशेब मांडला. फिल्ममध्ये कोलॅजन हे त्वचेतही असणारं प्रथिन असतं, रंग फिके पडू नयेत म्हणून ऑक्सिडीकरण रोखावं लागतं, अतिसूक्ष्म कणांवर ताबा लागतो. त्वचेच्या काळजीलाही हेच ज्ञान लागतं. कंपनीने 2007 मध्ये ‘अ‍ॅस्टालिफ्ट’ ही सौंदर्यप्रसाधनं बाजारात आणली. एलसीडी पडद्यांसाठी लागणाऱ्या पातळ फिल्म आणि वैद्यकीय क्षेत्र यांत गुंतवणूक वाढवली, आणि त्याच वेळी फिल्मच्या धंद्यातले कारखाने व नोकऱ्या कमी केल्या. शेवटचा भाग सांगायला कोणाला आवडत नाही, पण निवड म्हणतात ती याला. काहीतरी सोडावं लागतं, आणि ते सोडताना समोर माणसं बसलेली असतात.

इंटेलची हकीकत मला याहून जास्त शिकवून जाते. ही कंपनी मेमरी चिप्समुळे मोठी झाली. 1980च्या दशकात जपानी कंपन्यांनी त्या बाजारात तिला मागे टाकलं. कंपनीचे अध्यक्ष अँडी ग्रोव्ह आणि मुख्य कार्यकारी अधिकारी गॉर्डन मूर महिनोन्‌महिने खल करत होते. 1985 मध्ये ग्रोव्ह यांनी मूर यांना विचारलं, की आपल्याला काढून नवा प्रमुख आणला तर तो काय करेल? मूर म्हणाले, तो मेमरीतून बाहेर पडेल. मग आपणच का पडू नये, असं ग्रोव्ह यांनी म्हटलं आणि निर्णय झाला. एवढा भाग बऱ्याच जणांना ठाऊक असतो. त्यामागची गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. कारखान्याची क्षमता कोणत्या उत्पादनाला द्यायची याचा इंटेलमध्ये एक साधा नियम होता: ज्यातून जास्त नफा सुटतो त्याला आधी. त्या नियमाने चालणारे मधल्या फळीतले अधिकारी कधीपासूनच क्षमता मायक्रोप्रोसेसरकडे, म्हणजे संगणकाचा मेंदू असणाऱ्या चिप्सकडे, वळवत होते. वरचे लोक कंपनीला ‘मेमरी कंपनी’ म्हणत राहिले, आणि खालच्या पातळीवर ती बदलूनही गेली होती. संस्थेची खरी स्ट्रॅटेजी ओळखायची असेल तर भिंतीवरचं ध्येयवाक्य वाचू नका. सर्वांत चांगली माणसं आणि मोकळा पैसा कुठे जातो ते पाहा.

सेवाभावी संस्थांत हे ओळखणं अधिक अवघड असतं, आणि कारण सरळ आहे. धंद्यात पैसे देणारा आणि वस्तू वापरणारा बहुधा एकच असतो; वस्तू नकोशी झाली की पैसा थांबतो. संस्थेत पैसा देणगीदार देतो आणि काम दुसऱ्याच कुणासाठी चालतं. त्या दुसऱ्या माणसाला काम उपयोगी पडलं नाही, तरी निधी येत राहू शकतो. देणगीदाराला अहवालात काय मोजून दाखवता येतं? प्रशिक्षणं किती, लाभार्थी किती, खर्च किती टक्के. म्हणजे प्लॅन. हळूहळू संस्था प्लॅन पार पाडण्यात निपुण होते, आणि मूळ अंदाज तपासायला कुणी उरत नाही. हे मन लावून काम करणाऱ्यांच्या बाबतीतही घडतं, म्हणूनच ते जास्त जिवाला लागतं.

याला छेद देणारं उदाहरण बांगलादेशातल्या ब्रॅक या सेवाभावी संस्थेचं. 1980 ते 1990 या दहा वर्षांत ब्रॅकच्या कार्यकर्त्या एक कोटीहून अधिक घरांत गेल्या आणि जुलाब झालेल्या मुलासाठी मीठ, गूळ आणि पाणी यांचं द्रावण घरीच कसं करायचं हे आयांना शिकवलं. एवढी घरं गाठणं हे अचाट नियोजन होतं. व्यूहरचना मात्र मोबदल्याच्या पद्धतीत दडलेली होती. कार्यकर्तीला किती घरं केली यावर पैसे मिळत नसत. काही आठवड्यांनी दुसरंच कुणी जाऊन निवडक आयांना विचारत असे, आणि त्यांच्या किती लक्षात राहिलं यावर मोबदला ठरत असे. तरीही सुरुवातीला असं दिसलं की आयांना कृती येते, पण मूल आजारी पडल्यावर फार थोड्या जणी ती वापरतात. नुसता प्लॅन पाहणाऱ्या संस्थेने इथे शंभर टक्के उद्दिष्टपूर्ती लिहून टाकली असती. ब्रॅकने कारण शोधलं. घरातल्या पुरुषांशी कुणी बोललंच नव्हतं, आणि खुद्द काही कार्यकर्त्यांचाही त्या द्रावणावर विश्वास नव्हता. मग पुरुषांच्या बैठका सुरू झाल्या आणि कार्यकर्त्यांना उपचाराचा परिणाम डोळ्यांनी पाहता येईल अशी सोय झाली.

हे वाचून नियोजन दुय्यम आहे असं कुणी समजू नये. व्यूहरचना पक्की आणि नियोजन कच्चं असेल तर बैठकीतल्या गप्पांपलीकडे काही घडत नाही. पण दोन्हींत गल्लत होते तेव्हा ती जवळजवळ नेहमी एकाच दिशेने होते: नेते प्लॅनकडे झुकतात. प्लॅनमध्ये प्रत्येक विभागाला थोडंथोडं देता येतं, कुणी नाराज होत नाही, आणि वर्षाअखेरीस ‘इतकी कामं झाली’ असं सांगता येतं. व्यूहरचनेत विश्वस्तांसमोर किंवा संचालक मंडळासमोर उभं राहून म्हणावं लागतं, की आपण हे करणार आहोत आणि त्यासाठी ते थांबवणार आहोत. माझा अंदाज चुकला तर अमुक चिन्हांवरून तो चुकल्याचं कळेल. पहिल्या अर्ध्या वाक्याला माना डोलतात. ‘थांबवणार आहोत’ म्हटल्यावर जी शांतता पसरते, ती पेलणं हे नेतृत्वाचं काम.

सगळं मनासारखं झालं तरी व्यूहरचनेचा प्रश्न संपत नाही. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी 1938 मध्ये पोलिओविरुद्ध एक राष्ट्रीय संस्था उभी केली. ‘मार्च ऑफ डाइम्स’ या तिच्या निधी-मोहिमेत सामान्य लोकांनी दहा-दहा सेंटची नाणी पाठवली. त्या पैशांच्या आधाराने जोनास सॉल्क यांनी लस तयार केली, आणि ती परिणामकारक असल्याची घोषणा 12 एप्रिल 1955 रोजी, रूझवेल्ट यांच्या दहाव्या स्मृतिदिनी झाली. संस्थेचं काम फत्ते झालं होतं. स्वयंसेवकांचं देशभर पसरलेलं जाळं, निधी गोळा करण्याचं तंत्र, संशोधकांशी असलेलं नातं, सगळं जागच्या जागी होतं, पण ज्यासाठी ते उभारलं तो शत्रू मागे हटत होता. दरवर्षीसारखा पुढच्या वर्षीचा प्लॅन लिहिणं सोपं होतं. संस्था बंद करणं हाही प्रामाणिक पर्याय होता. आपलं बळ नेमकं कशात आहे आणि ते आणखी कुठे कामी येईल, हे त्यांना ठरवावं लागलं. 1958 मध्ये संस्थेने जन्मजात दोषांकडे मोर्चा वळवला. पुढे मुदतपूर्व जन्म आणि मातांचं आरोग्य हे तिचं मुख्य काम झालं.