सोड्याच्या बाटलीवरचे ४० टक्के

गोव्यात गोड सोड्याच्या बाटलीवर ४० टक्के जीएसटी लागतो. हा दर साखर मोजून ठरलेला नाही.

खाण्यापिण्यावरच्या कराचा गोव्याचा जुना अनुभव मिठाचा. १८७८ च्या अँग्लो-पोर्तुगीज कराराने इथल्या मिठाचा ताबा ब्रिटिशांकडे गेला, बदल्यात पोर्तुगीज सरकारला वर्षाला ४ लाख रुपये मिळू लागले. १८९२ मध्ये करार संपला. आरोग्याचा विचार त्यात कुठेच नव्हता, सगळा हिशेब महसुलाचा.

आरोग्याचे नाव घेऊन कर लावला तो केरळने, २०१६ मध्ये. ब्रँडेड रेस्टॉरंटमधल्या बर्गर-पिझ्झावर १४.५ टक्के ‘फॅट टॅक्स’. रस्त्यावरची तळणी त्यातून सुटली, म्हणजे कर तेलावर नव्हे, पाटीवर बसला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि तो कर त्यात विरून गेला.

जीएसटीत गोड सोड्याला २८ टक्के आणि वर १२ टक्के भरपाई उपकर लागला. हा उपकर राज्यांचे बुडणारे उत्पन्न भरून काढण्यासाठी होता. पुढचा टप्पा गोव्यातच घडला. २० सप्टेंबर २०१९ ला जीएसटी परिषदेची ३७ वी बैठक इथे झाली. हॉटेलच्या खोल्यांचे दर उतरले म्हणून तिची चर्चा झाली, पण त्याच बैठकीत कॅफिनयुक्त पेये १८ वरून २८ अधिक १२ वर गेली आणि गोड सोडा बनवणाऱ्यांना कंपोझिशन योजनेतून, म्हणजे छोट्या उद्योगांना उलाढालीवर ठरावीक कमी कर भरू देणाऱ्या सवलतीतून वगळले. छोट्या सोडा कारखान्याची १ टक्क्यात सुटण्याची वाट तिथे बंद झाली. २२ सप्टेंबर २०२५ पासून उपकर जाऊन सरळ ४० टक्के झाले. त्याच दिवशी फरसाण, बिस्किटे, चॉकलेट ५ टक्क्यांवर आली! आरोग्यासाठीचा कर असा नसतो.

खरी गोम टक्केवारीत आहे. समजा २५० मिली बाटली २० रुपयांना आहे. त्यातला कर ५ रुपये ७१ पैसे. २ लिटरची बाटली १०० रुपयांना घेतली तर तेवढ्याच २५० मिलीमागे कर ३ रुपये ५७ पैसे. साखर तीच, मोठ्या बाटलीत कर कमी. साखर नसलेल्या डाएट पेयालाही ४० टक्केच, त्यामुळे उत्पादकाला साखर कमी करून करात काहीच सुटत नाही.

ब्रिटनने एप्रिल २०१८ मध्ये उलटे केले. १०० मिलीत ५ ग्रॅमपेक्षा कमी साखर असेल तर कर नाही, ५ ते ८ ग्रॅमला तेव्हा लिटरमागे १८ पेन्स, ८ आणि त्याहून जास्तला २४. घोषणा दोन वर्षे आधीच झाली होती, तेवढ्यात बऱ्याच कंपन्यांनी पाककृती बदलून साखर ५ च्या खाली आणली. डेन्मार्कचा २०११ चा संपृक्त मेदावरचा कर मात्र सव्वा वर्षात गेला. लोक लोणी आणायला सीमेपलीकडे जर्मनीत जात. महाराष्ट्राच्या सीमेवर पत्रादेवीला नाका ओलांडून स्वस्त माल आणणे काय असते हे गोव्याला सांगायला नको.

गोवा स्वतः असा कर लावू शकत नाही. पेयांचे दर परिषद ठरवते, त्यासाठी तीन चतुर्थांश मते लागतात आणि एकूण मतांतली एक तृतीयांश केंद्राकडे. राज्याच्या हाती उरली ती जीएसटीबाहेरची दारू. फेणीवरचे अबकारी शुल्क पणजीत ठरते, कोलावरचा दर दिल्लीत.