कुत्र्याच्या नावावर चढलेला टॉक्सोप्लाझ्मा

१९०८ साली ट्यूनिसमध्ये गुंडी नावाच्या उंदरासारख्या प्राण्यात टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी सापडला, त्याच वर्षी ब्राझीलमध्ये सशातही. पुढच्या वर्षी बारसं झालं. त्यात 'गुंडी'चं स्पेलिंग चुकलं, आणि ती चूक जातीच्या नावात कायमची राहिली. इटलीतल्या कुत्र्यातली नोंद १९१० ची, मांजरीतली पहिली थेट १९४२ ची. म्हणजे तीसेक वर्षं मांजर या कथेत नव्हतीच.

ती केंद्रस्थानी आली १९६५ मध्ये. तिच्या विष्ठेतून लागण होते हे स्कॉटलंडमध्ये दिसलं, पण आधी संशय गेला पोटातल्या जंतांच्या अंड्यांवर. १९७० पर्यंत उलगडा झाला : परजीवीची लैंगिक वाढ फक्त मार्जारकुळाच्या आतड्यात होते आणि तिथूनच ऊसिस्ट, म्हणजे परजीवीची कवचातली अंड्यासारखी रूपं, विष्ठेतून बाहेर पडतात. तेव्हापासून मांजरीच्या कपाळी शिक्का बसला. ती ऊसिस्ट टाकते ते बहुधा आयुष्यात एकदाच, एक-दोन आठवडे. आणि ताज्या विष्ठेतले ऊसिस्ट लागण करण्याजोगे व्हायला १ ते ५ दिवस लागतात. हे तपशील मागेच पडले. आपल्याकडे गरोदरपणी 'टॉर्च' तपासणीचा (गर्भाला बाधणाऱ्या संसर्गांच्या रक्तचाचणीचा) कागद हाती आला की पाळलेली मांजर दूर सोडून यायची घाई होते. अर्धकच्चं मटण मात्र कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाही, लागण त्यातूनही होते तरी.

खरा गुंता कुत्र्याचा. मागचे पाय लुळे पडलेलं पिल्लू, मेंदूत वा स्नायूंत परजीवीच्या गाठी, की निदान ठरलेलं : टॉक्सोप्लाझ्मोसिस, म्हणजे टॉक्सोप्लाझ्माचा आजार. १९८४ मध्ये नॉर्वेतल्या अशाच पिल्लांत टॉक्सोप्लाझ्माच्या अँटिबॉडीच सापडल्या नाहीत. १९८८ मध्ये अमेरिकेत हा परजीवी टॉक्सोप्लाझ्माहून वेगळा असल्याचं ठरलं. त्याचं नाव निओस्पोरा. जुन्या काचपट्ट्या पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली गेल्या, तेव्हा टॉक्सोप्लाझ्माच्या खात्यावर मांडलेले कित्येक कुत्रे निओस्पोराचे ठरले. त्यामुळे १९८८ पूर्वीचा 'कुत्र्यातला टॉक्सोप्लाझ्मोसिस' हा शब्द जपूनच वाचावा. ज्यांना तो खरोखर होता, त्यांतल्या बऱ्याच जणांना सोबत डिस्टेंपर हा कुत्र्यांचा विषाणूजन्य आजारही होता. प्रतिकारशक्ती आधीच ढासळलेली. कुत्रा ऊसिस्ट तयार करत नाही. मांजरीची घाण खाल्ली, तर ते त्याच्या पोटातून जसेच्या तसे बाहेर पडू शकतात, इतकंच.

१९९८ मध्ये कळलं, की निओस्पोराच्या बाबतीत मांजरीची जागा कुत्र्याचीच आहे. त्याच्या विष्ठेतले ऊसिस्ट चाऱ्यात गेले, की गायी गाभडतात.