घोणीची ओळख शेवटच्या पायांवरून

स्वीडनचा निसर्गशास्त्रज्ञ लिनियस याने १७५८ साली 'स्कोलोपेंड्रा' हे वंशाचं नाव दिलं, तेव्हा त्यात दगडाखालची आखूड गोम, मातीतली दोऱ्यासारखी लांब गोम आणि चावरी मोठी घोण असं सगळंच एकत्र कोंबलं होतं. त्यांना वेगळं काढायचं त्याचं मुख्य माप म्हणजे पायांच्या जोड्या. स्कोलोपेंड्रा मॉर्सिटन्स या घोणीला त्याने २० जोड्या दिल्या. प्रत्यक्षात त्या २१ असतात, कारण प्रौढ गोमीत पायांच्या जोड्या विषमच भरतात. शेवटची जोडी चालण्याच्या कामाची नसते, ती मागे ताणलेली असते. बहुधा म्हणूनच त्याने ती पायांत धरली नसावी. पुढे प्रजातींचे बरेचसे वाद नेमके याच जोडीवरून झाले.

मोठे गट वेगळे करणं त्यामानाने सोपं होतं. १८१४-१५च्या सुमारास इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ लीचने लिनियसचा ढीग उपसायला घेतला. १५ जोड्या असतील तर लिथोबियसचा, म्हणजे दगडाखालच्या आखूड गोमीचा गट. २१ किंवा २३ असतील तर घोणीचा. डोक्याच्या दोन्ही बाजूंना चार-चार साधे डोळे की डोळेच नाहीत, हे पाहिलं की आणखी एक फाटा निघतो. पण खऱ्या स्कोलोपेंड्रांत शिरलं की ही मापं संपतात. सगळ्यांच्याच जोड्या २१, सगळ्यांचेच डोळे चार-चार.

मग उरला रंग, आणि रंगाने भरपूर फसवलं. जिवंतपणी पिवळे पाय आणि लालभडक डोकं मिरवणारी घोण अल्कोहोलच्या बाटलीत काही वर्षांत मळकट तपकिरी होते. शिवाय एकाच प्रजातीत प्रदेशागणिक रंग बदलतो. एकोणिसाव्या शतकात जगभरातून संग्रहालयांत आलेल्या नमुन्यांना धडाधड नावं मिळाली. त्यातली कितीतरी पुढे रद्द करावी लागली. हँबर्गच्या क्रेपेलिनने १९०३ मध्ये आणि अटेम्सने १९३० मध्ये हा पसारा आवरला, तो मोजता येणाऱ्या खुणांवर: शृंगिकेचे (डोक्यावरच्या स्पर्शिकेचे) बुडाकडचे किती खंड केसविरहित आहेत, विषनख्यांच्या बुडाशी दातांच्या पट्टीवर किती दात आहेत, पाठीवरच्या कितव्या पट्टीपासून कडा उंचावलेली दिसते, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे शेवटच्या पायावरचे काटे.

हे काटे पाहायला घोण उलटी करावी लागते. शेवटच्या पायाचा बुडाजवळचा जाड खंड भिंगाखाली धरला, की मॉर्सिटन्समध्ये खालच्या बाजूला काट्यांच्या रांगा दिसतात. सबस्पिनिपेस या दुसऱ्या प्रजातीत ते मोजकेच, आणि तिच्या जवळच्या डेहानीत खालची बाजू जवळपास गुळगुळीत. कागदावर हे फार नेटकं वाटतं. पण पाय तुटून पुन्हा उगवला की काट्यांची मांडणी बिघडते, आणि एकाच घोणीचा डावा-उजवा पायही कधी जुळत नाही. एका काट्याच्या फरकावर नवी प्रजाती उभी करणाऱ्यांचं मला नवलच वाटतं. वुर्मलीने १९७५ मध्ये मॉर्सिटन्सच्या गटातल्या याच निकषांची उलटतपासणी केली.

सबस्पिनिपेसची कथा उलट दिशेने गेली: इथे नावं रद्द होण्याऐवजी एकत्र धरलेली प्रजाती वेगळी निघाली. अटेम्सनंतर कित्येक दशकं डेहानी, जापोनिका, म्युटिलान्स वगैरे तिच्या उपप्रजाती म्हणूनच गणल्या जात. २०१२ मध्ये क्रॉनम्युलरने नराच्या जननखंडाकडे लक्ष वेधून डेहानीला स्वतंत्र प्रजातीचा दर्जा दिला. २०१५ मध्ये आग्नेय आशियातल्या स्कोलोपेंड्रांच्या डीएनएची तुलना झाली, सोबत डोक्याच्या आणि पाठपट्ट्यांच्या आकाराचंही मोजमाप झालं. त्यातही डेहानी वेगळीच निघाली.

आज घोणीचे फोटो बहुतेक वरून काढलेले असतात, आणि त्यात रंग तेवढा स्पष्ट दिसतो. शेवटचा पाय खालून दाखवणारा एक फोटो जोडीला असेल तर जाणकार प्रजातीपर्यंत पोहोचू शकतो. नाहीतर 'स्कोलोपेंड्रा' एवढ्यावर थांबणंच प्रामाणिकपणाचं.