मुष्टिफंड

मुष्टिफंड : रोजच्या दळणातून वा शिध्यातून मूठभर धान्य बाजूला काढून ते सार्वजनिक कामासाठी, विशेषतः वसतिगृहातील मुलांच्या जेवणासाठी, गोळा करण्याची पद्धत. सातारा-सांगली भागात ती मुख्यतः कर्मवीर भाऊराव पाटील (१८८७–१९५९) आणि रयत शिक्षण संस्था यांच्या कार्याशी जोडली जाते.

उगम : ‘मुष्टि’ संस्कृत आणि ‘फंड’ इंग्रजी. त्यामुळे हा जोडशब्द एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापेक्षा फार जुना मानता येत नाही. प्रथा मात्र जुनी असू शकते. तिचा संबंध काही जण माधुकरीशी लावतात. पण माधुकरीत शिजवलेले अन्न एकेका विद्यार्थ्याला मिळते आणि मागणारा दारी येतो, तेव्हाच ते दिले जाते. मुष्टिफंडातले धान्य कच्चे असते, कोणी मागायला येण्याआधीच वेगळे निघालेले असते आणि ते समूहाचे होते. सुगीत खळ्यावर बलुतेदारांना धान्य देण्याची रीत त्याहून जवळची वाटते, परंतु बलुते हा कामाचा मोबदला होता. तिसरे मत स्वदेशीच्या काळातील पैसाफंडाकडे बोट दाखवते. अंताजी दामोदर काळे यांच्या पुढाकाराने घरोघरचा एकेक पैसा जमवून त्यातून तळेगावचा काच कारखाना उभा राहिला. ‘थोडे, पण सर्वांकडून आणि नियमित’ हे तत्त्व दोन्हीकडे एकच असल्याने हे मत अधिक ग्राह्य दिसते. मिझोराममधील ‘बुहफाई थाम’ ही मूठभर तांदळाची चर्चची पद्धत साधारण १९१० पासूनची आहे. ती याच जातीची असली, तरी तिचा इकडच्या पद्धतीशी संबंध जोडण्यास आधार नाही.

कार्यपद्धती : बाई दळायला बसली, की जात्यात पहिला घास टाकण्याआधी एक मूठ शेजारच्या गाडग्यात पडे. आठवड्याने मुले पोते घेऊन घरोघर फिरत. बंद मुठीत सुमारे ४० ते ५० ग्रॅम ज्वारी मावते, म्हणजे घरटी महिन्याला सव्वा ते दीड किलो. वाढत्या वयाच्या मुलाला दिवसाला अर्धा किलो धान्य लागते असे धरले, तर शंभर घरांवर आठ ते दहा मुलांची भाकरी निघते. कालवण, तेल-मीठ व सरपण यांची सोय वेगळी करावी लागते.

पीठ घेऊ नये, धान्यच घ्यावे. बाजरीचे पीठ थोड्याच दिवसांत कडू होते आणि पावसाळ्यात कोणतेही पीठ लवकर कोंदटते. ज्वारी, बाजरी व गहू यांची पोती वेगळी ठेवावीत. मिसळ धान्य एकसारखे दळले जात नाही आणि भाकरी थापताना चिरते. साठवणीआधी कडक ऊन द्यावे आणि पोत्यात कडुलिंबाचा सुकवलेला पाला घालावा, नाहीतर सोंडे लागतात. पंधरा दिवसांपेक्षा जास्त खंड पडला, की गाडगे घरच्या अडचणीलाच रिकामे होते. त्यात त्या घराचा दोष नसतो. आषाढ-श्रावणात कणगी तळाला गेलेली असते. शाळू निघाल्यावर आलेल्या धान्यातून तेवढ्या काळाची बेगमी करून ठेवावी लागते. माण, खटाव, आटपाडी, जत या अवर्षणप्रवण तालुक्यांत दुष्काळी वर्षी गरज वाढते आणि मूठ मात्र आटते. त्यामुळे एकाच गावावर विसंबलेला फंड तिथे टिकत नाही.

रयत शिक्षण संस्था : स्थापना ४ ऑक्टोबर १९१९, काले (ता. कराड). १९२४ मध्ये तिचे मुख्य केंद्र साताऱ्यात आले. तेथील वसतिगृहाचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण महात्मा गांधींच्या हस्ते १९२७ मध्ये झाले. सर्व जातींची मुले तेथे एकत्र राहत व एका पंक्तीला जेवत. मुष्टिफंडाचे खरे मोल येथे दिसते. पाटलाच्या वाड्यातली आणि गावकुसाबाहेरच्या घरातली मूठ एकाच पोत्यात पडे आणि त्याच पोत्यातली भाकरी सर्वांच्या ताटात येई. देणगीदार एकच असता, तर पंक्तीचा नियम त्याच्या मर्जीवर राहिला असता.

धान्याने पोट भरते, पण शिक्षकाचा पगार, इमारत व पुस्तके त्यातून होत नाहीत. म्हणून ‘कमवा आणि शिका’ योजनेतील विद्यार्थ्यांचे श्रम, लोकवर्गणी आणि सरकारी अनुदान यांची जोड द्यावी लागली. १९४८ मध्ये मुंबई सरकारने अनुदान थांबवले व पुढे ते पूर्ववत केले. उत्पन्नाच्या अनेक वाटा असणे किती आवश्यक आहे, हे त्या काळात दिसून आले.

सद्यःस्थिती : पिठाच्या गिरण्या आल्या आणि रोज पहाटे मूठ काढण्याची वेळच नाहीशी झाली. आठ-पंधरा दिवसांचे दळण एकदम गिरणीत जाऊ लागले आणि धान्याची जागा रोख वर्गणीने घेतली. रोख रक्कम नेण्या-ठेवण्यास सोपी असते. परंतु ती बहुधा घरातला कर्ता पुरुष देतो. मुष्टिफंडात देणारी बाई होती, आणि आपल्या मुठीवर कोणाचे पोर शिकते आहे हे तिला ठाऊक असे. आज पद्धत पुन्हा सुरू करायची, तर गाडगे जात्याशेजारी नव्हे, दळणाच्या डब्याशेजारी ठेवावे लागेल आणि मुठीऐवजी दर दळणामागे एक वाटी ठरवावी लागेल.