‘मला शिवू नकोस’: योहानातल्या एका ओळीची पार्श्वभूमी

ईस्टरला बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा 20वा अध्याय वाचला जातो. येशूच्या कबरीबाहेर रडत उभी असलेली त्याची शिष्या मग्दालीया मरीया समोरच्या येशूला आधी माळी समजते. तो ‘मरीये’ अशी हाक मारतो, तेव्हा तिला ओळख पटते. ‘रब्बूनी!’ म्हणजे गुरुजी. आणि लगेच ती अवघड ओळ येते: ‘मला शिवू नकोस, कारण मी अद्याप पित्याजवळ वर गेलो नाही.’

‘शिवू नको’ हे मराठीत साधे शब्द नाहीत. विटाळ, सोवळे, गावकुसाबाहेरची वस्ती हे सगळे त्यांच्यामागे उभे असते. 14 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह जिथे धम्मदीक्षा घेतली, त्या नागपुरात ही ओळ टोचल्याशिवाय राहत नाही. मलाही ती टोचते, म्हणून मूळ शब्दापर्यंत जावेसे वाटते.

ग्रीक शब्द आहेत ‘मे मू हाप्टू’. या क्रियापदात स्पर्श करणे येते, तसेच धरणे, बिलगणेही येते. शिवाय इथले रूप पुष्कळदा चालू असलेली क्रिया थांबवायला वापरतात. म्हणजे अर्थ ‘आता सोड, धरून राहू नकोस’ असा होऊ शकतो. मला हाच पटतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात स्त्रिया येशूचे पाय धरतात, त्यांना कुणी अडवत नाही. योहानाच्या याच अध्यायात पुढे थोमा या शिष्याला तर येशूच्या कुशीत हात घालायला सांगितले आहे. स्पर्शच वर्ज्य असता तर हे कसे बसले असते?

चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोमच्या लॅटिन भाषांतरात ‘नोली मे तांगेरे’ (मला शिवू नकोस) आले आणि युरोपात तेच रूढ झाले. फ्रा अँजेलिको, तिशियन या चित्रकारांनी पुढे झुकलेली मरीया आणि अंग मागे घेणारा येशू रंगवला. त्याआधीच, 591 मध्ये पोप ग्रेगरी यांनी मरीयेला लूकच्या शुभवर्तमानातल्या पापी स्त्रीशी एकरूप मानले होते. मग ‘अपवित्र हात दूर ठेवला’ असे वाचायला वाट मोकळी झाली, असे मला वाटते. रोमन कॅथलिक पंचांगाने हे एकीकरण 1969 मध्ये सोडले. 2016 मध्ये तिच्या 22 जुलैच्या स्मरणदिनाला प्रेषितांसारखा सणाचा दर्जा मिळाला.

ओळीचा उरलेला अर्धा भाग मात्र फारसा कुणी उच्चारत नाही: ‘माझ्या भावांकडे जाऊन त्यांना सांग.’ सोडायचे ते निघण्यासाठी. ती गेली आणि शिष्यांना म्हणाली, ‘मी प्रभूला पाहिले आहे.’